सिंकच्या खाचेतून निघालेला दगड

वसई-विरारमध्ये दुमडलेला दगड मिळत नाही. दुमडलेले रस्ते आहेत, दुमडलेले विजेचे खांब आहेत, पण दगड सगळा सरळमार्गी. जीवदानीच्या डोंगरापासून तुंगारेश्वरापर्यंत काळ्या लाव्हाचे थर एकावर एक ठेवलेत, गोदामात पोती रचावीत तसे, आणि रचून झाल्यावर कोणी त्यांना धक्कासुद्धा लावलेला नाही. ही माहिती मला माझ्या मुलीने दिली. ती भूशास्त्रात एमएस्सी करते. तिला ज्या विषयात प्रबंध लिहायचा होता तो विषय दुमडलेल्या दगडांचा, त्यामुळे घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर डोंगर असूनही तिला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. आमच्या घरात गोष्टी साधारण अशाच होतात.

विषय मला जेवढा कळला तेवढा सांगतो. जमिनीच्या पोटात थर दाबले जातात आणि त्यांना घड्या पडतात. त्या घड्यांच्या अंगावर बारीक रेषाही उमटतात, कंगवा फिरवल्यासारख्या. होकायंत्र घेऊन थराचा उतार मोजायचा, रेषेची दिशा मोजायची, आणि असे शेकडो आकडे जमवून सांगायचं की घडी कोणत्या दिशेला गेली आहे आणि दाब कुठून आला होता. थोडक्यात, भांडण कोट्यवधी वर्षांपूर्वीचं, भांडणारे हयात नाहीत, साक्षीदार नाही, आणि आपण जाऊन ठरवायचं की पहिला धक्का कोणी मारला. मी एका कंपनीत अंतर्गत तपासनीस आहे. माझ्याकडे आलेली प्रकरणं याहून ताजी असतात, तरी उलगडत नाहीत.

सोसायटीत खालच्या मजल्यावर एक सद्गृहस्थ राहतात. सेवानिवृत्त आहेत, त्यामुळे सगळ्या विषयांत उपलब्ध असतात. लिफ्टपाशी त्यांनी मला थांबवलं होतं.

"मुलगी दगडांचं शिकते म्हणे?"

"हो."

"चांगलंय. स्कोप आहे. दगड संपणार नाहीत."

एवढा आशावादी माणूस आमच्या सोसायटीच्या कमिटीत का नाही, असं मला नेहमी वाटतं.

तर दुमडलेल्या दगडासाठी ती आमच्या मूळ गावाकडे गेली, मालवणच्या आतल्या बाजूला. तिथे ओढ्याकाठी एक मोठा खडक उघडा पडलेला आहे. त्यात पट्टे आहेत, पट्ट्यांना लाटेसारख्या घड्या आहेत आणि घड्यांवर हव्या तशा रेषा. मी लहानपणी त्याच खडकावर कपडे वाळत घातलेले पाहिलेत. आमच्या सात पिढ्यांत कोणाला त्यात दाब दिसला नाही. अडचण एवढीच की त्या खडकावर गावच्या राखणदाराचं, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाचं, ठिकाण आहे. मुलीने पिशवीतून हातोडा काढला तेव्हा माझा चुलतभाऊ, जो तिला वाट दाखवायला गेला होता, मध्ये उभा राहिला. "बाय, मोज होया तितक्या. पन हातोडो लावूचो नाय हां." तिने हातोडा परत ठेवला. आठवडाभर मोजलं, फोटो काढले, आणि नमुन्याचा एकही तुकडा न घेता परत आली. राखणदार प्रसन्न राहिला. तिचे मार्गदर्शक सर नाही.

सरांनी प्रबंधाचा मसुदा परत पाठवला. त्यांचं म्हणणं मुलीने मला जेवताना वाचून दाखवलं. थरांच्या दिशा दर काही पावलांवर बदलतात, ते ठीक आहे, घडीत तसं होणारच. पण रेषांचे आकडे? सगळ्या रेषा एकाच दिशेला, जवळजवळ एकाच कोनात उतरलेल्या. आकडे फार गुळगुळीत आहेत. घरी बसून भरलेल्या आकड्यांची हीच खूण असते. नमुना नाही, फोटोत खडकाची एकच बाजू दिसते, आणि एका बाजूवरून घडी वाचता येत नाही. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांचं समाधान झालं नाही, तर पावसाळ्यानंतर पुन्हा जाऊन सगळं मोजावं लागेल.

पावसाळ्यानंतर म्हणजे वर्ष गेलं. तोवर तिच्या वर्गातली मुलं पदवी घेऊन बाहेर पडलेली असणार.

"किती अन्याय आहे," बायको म्हणाली.

मी म्हटलं, "आकडे दाखव."

त्या वेळी मी हे मदत म्हणून म्हटलं होतं. मुलीने लॅपटॉप माझ्यासमोर सरकवला. मी रेषांचा रकाना वरून खाली पाहिला, मग खालून वर. पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी एक गोष्ट शिकलो आहे: खरी बिलं कधी सारखी नसतात. एखाद्या माणसाचा टॅक्सीचा खर्च रोज तेवढाच येतो तेव्हा तो टॅक्सीत बसलेला नसतो. आणि माझ्या मुलीच्या रेषा अगदी त्या टॅक्सीसारख्या होत्या.

"सर म्हणतात त्यात तथ्य आहे," मी म्हणालो.

"काय तथ्य आहे?"

"हे फार जुळतंय. मला खरं सांग. सगळीकडे होकायंत्र लावलं होतंस, की दोन-चार ठिकाणी लावून बाकीचं..."

तिने लॅपटॉप मिटला. "बाबा, हे पेटी कॅशचं व्हाउचर नाहीये."

"मी फक्त विचारलं."

"तुम्ही फक्त विचारत नाही. तुम्ही भुवया वर करून विचारता."

बायकोने आमटीचं पातेलं जरा जोरात ठेवलं. "अहो, ऑफिसचं डोकं ऑफिसात ठेवून येत जा. डब्याबरोबर परत आणायची गरज नाही."

मुलगी उठली, आतून पट्ट्यापट्ट्यांची सोलापुरी चादर घेऊन आली आणि खुर्चीच्या पाठीवर टाकली, पट्टे पाठीच्या कडेला समांतर येतील अशी. "ही घडी. पुढची बाजू पुढे उतरते, मागची मागे. थर बदलला ना? आता पट्टे बघा. पुढचे कुठे जातायत?"

"बाल्कनीकडे."

"मागचे?"

मी खुर्चीमागे जाऊन पाहिलं. "बाल्कनीकडेच."

तिने चादर काढली आणि आडवी फिरवून पुन्हा टाकली. आता पुढचे पट्टे पुढच्या बाजूने जमिनीकडे उतरत होते आणि मागचे मागच्या बाजूने. "रेषा आधीची असेल आणि घडी नंतर पडली असेल, तर असं होईल. रेषा इकडे-तिकडे जातील. पण रेषा घडीबरोबरच, घडीच्या आसाच्या, म्हणजे या पाठीच्या कडेच्या, दिशेने तयार झाली असेल, तर पहिल्यासारखं. सगळीकडे एकच दिशा. माझ्या खडकात पहिली चादर आहे."

"हे कशावरून?"

"मोजलंय त्यावरून."

"पण मोजलेलंच खोटं आहे असं तर सर म्हणतायत."

मग तिने चादरीची घडी घातली आणि कपाटात ठेवून दिली. त्या दिवशी ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही. युक्तिवादात मी चुकलो नव्हतो. एवढ्यावर माणसाने समाधान मानायला हवं, पण मला ते जमलं नाही.

आता मला आमच्या ओट्याबद्दल सांगावं लागेल.

हा फ्लॅट घेतला तेव्हा स्वयंपाकघराचा ओटा आम्ही बदलून घेतला. त्यासाठी कामणला गेलो. भिवंडीच्या रस्त्याला गोदामांच्या रांगेत दगडांची गोदामंही आहेत. तिथे बायकोला एक लादी आवडली, करड्या रंगावर काळे-पांढरे पट्टे, आणि पट्ट्यांना नागमोडी वळणं. बाजारात याला ग्रॅनाइट म्हणतात. मुलगी म्हणते हा नीस आहे, दाबाखाली पट्टे पडलेला दगड, पण तेव्हा ती शाळेत होती आणि तिचं मत कोणी विचारलं नाही. लादी घरी आली, बसली, आणि मग माझ्या लक्षात आलं की वरच्या बाजूला पट्टे वळणावळणाचे आहेत, पण पुढच्या कडेला, जिथे जाडी दिसते तिथे, फक्त सरळ तिरक्या रेघा आहेत. सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. वर लाट आणि कडेला रेघ. एकाच दगडाला दोन डिझाइनं असतील कशी? वरचा पापुद्रा वेगळा आणून चिकटवलेला असणार. मी रविवारी परत कामणला गेलो.

"साहब, ये कुदरत का डिझाईन है," गोदामवाला म्हणाला. "इसमें हम क्या करेगा?"

"वर एक, खाली एक, असं कुदरत करते?"

"कुदरत हमको पूछके नहीं करता, साहब."

यावर लेखी तक्रार करता येत नाही. पण मी पुरावा सोडला नाही. ओट्यात सिंक बसवताना मधला चौकोन कापून काढतात. तो तुकडा कारागीर सहसा घेऊन जातो. मी नेऊ दिला नाही, कारण लादीचा दर चौरस फुटावर होता आणि सिंकच्या भोकाचे पैसेही मी दिले होते. तो तुकडा मी चारही कडांना ब्राउन टेप गुंडाळून, त्यावर जाड पेनाने 'पुरावा – काढू नये' असं लिहून, गॅसच्या सिलिंडरमागे ठेवला. कधीतरी माझी केस उभी राहील अशी माझी समजूत होती. बायको त्यावर कांद्याबटाट्याची टोपली ठेवायची.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलगी ती टोपली हलवत होती. मला वाटलं बटाटे हवेत. ती त्या तुकड्यापुढे मांडी घालून बसली होती आणि वरच्या पट्ट्यांवरून बोट फिरवत होती.

"बाबा, ही टेप का लावलीय?"

मी कारण सांगितलं. तिने आधीही ते पुष्कळदा ऐकलं होतं, पण या वेळी ती थांबून ऐकत होती. उठून ओट्याची पुढची कडा पाहून आली. मग हसायला लागली. भांडणानंतर ती पहिल्यांदा हसली, त्यामुळे माझ्यावर हसतेय हे मी चालवून घेतलं.

"टेप काढू नका," ती म्हणाली. "तशीच राहू दे."

तोंडी परीक्षा ऑनलाइन होती. बाहेरचे परीक्षक नागपूरकडचे, त्यांना येणं शक्य नव्हतं. सर त्यांच्या घरून. मुलगी आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसली आणि मला टेबलाच्या बाजूला, कॅमेऱ्यात चेहरा येणार नाही असं उभं केलं.

"तुम्ही फक्त धरायचं. मी सांगेन तेव्हा फिरवायचं. बोलायचं नाही."

"समजा त्यांनी काही चुकीचं..."

"बोलायचं नाही, बाबा."

दगड साधारण दहा-अकरा किलोचा. नोकरीत मी अनेक पुरावे हाताळले, पण इतका वजनदार एकही नव्हता.

सुरुवातीची प्रश्नोत्तरं झाली. मग परीक्षक मुद्द्यावर आले. त्यांचा आवाज शांत होता आणि त्यामुळे मला ते अधिक धोक्याचे वाटले. "घडी आहे हे फोटोत दिसतंय. पण थर वळतात आणि रेषा वळत नाहीत, हे तुमच्या शब्दाशिवाय मला कुठे दिसणार? नमुना तर तुम्ही आणला नाही."

"त्या खडकाचा नाही आणता आला, सर. पण तसाच एक दगड आहे माझ्याकडे. दाखवू?"

मी दगड कॅमेऱ्यासमोर धरला.

"कोणी धरलाय हा?" तिच्या सरांनी विचारलं.

"स्टँड आहे, सर."

परीक्षकांनी वरची घडी बघितली. "बरीच घट्ट आहे."

"दिसते तेवढी नाही, सर. घडीचा आस या कापाला तिरका आहे. राजेळी केळं तिरकं कापलं की चकती लांबट निघते, तसं. खरा आकार आसाला काटकोनात कापल्यावरच कळेल."

"मग आस कुठे चाललाय?"

"या लांब बाजूच्या दिशेने, आत उतरत."

"कडा दाखवा."

"बाबा, फिरवा," ती हळूच म्हणाली. मी फिरवला.

"त्यावर काय लिहिलंय?" परीक्षक म्हणाले. "पुरावा?"

"हो, सर."

"कशाचा?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. उत्तर देणं भाग होतं. "दुकानदाराने फसवल्याचा," मी म्हणालो.

"स्टँडला आवाज आहे," सर म्हणाले.

परीक्षक हसले नाहीत. "टेप काढायच्या आधी सांगा. कडेला काय दिसेल?"

आता तिचा आवाज बदलला. चादर टाकताना होता तसा झाला. "वर थर कितीही वळले असू देत, या कडेला ते सरळ रेघा म्हणून दिसतील. सगळ्या जवळजवळ एकाच कोनात, माझ्या डाव्या हाताकडे कललेल्या. मागच्या कडेला गेलात तर तोच कोन, पण तिकडून बघताना उजवीकडे कललेल्या. कारण दोन्ही कडा आसाच्या दिशेने कापल्या गेल्यात."

"काढा टेप."

ते मला सांगितलं होतं. इतक्या वर्षांत टेपचाही दगड झाला होता. मी नखाने एक कोपरा सोडवला आणि माझ्या हस्ताक्षरासकट माझी केस हळूहळू सोलून काढली. खाली रेघा होत्या. डावीकडे कललेल्या. सगळ्या. मी दगड उलटा फिरवला, मागची टेप काढली. उजवीकडे. सगळ्या.

"मोजा," परीक्षक म्हणाले.

तिने कडेच्या उभ्या धारेपासून कोनमापक लावला. अडुसष्ट. सदुसष्ट. अडुसष्ट. एकोणसत्तर. अडुसष्ट. प्रत्येक आकड्याला माझ्या भुवया वर जात होत्या, पण त्या कॅमेऱ्यात नव्हत्या.

"हे आकडे फारच गुळगुळीत आहेत," परीक्षक म्हणाले. "हा दगड तरी घरी बसून भरलेला नाही ना?"

"नाही, सर. कामणहून आणलाय."

या वेळी ते हसले. पण हसून सोडून देणाऱ्यांतले ते नव्हते, आणि तिथेच मला त्यांच्याबद्दल आदर वाटायला लागला. ते म्हणाले, "दगड झाला. आता तुमचे आकडे. थरांच्या आकड्यांवर कोणाला शंका नाही. मी त्यातल्या जोड्या निवडतो, घडीची एक बाजू इकडची, एक तिकडची. तुम्ही प्रत्येक जोडीवरून आस काढा, माझ्यासमोर. रेषांचा रकाना बघायचा नाही."

याला आमच्यात अचानक तपासणी म्हणतात. दोन वह्या, वेगवेगळ्या हिशोबाच्या, आणि एकीवरून दुसरी पडताळायची. तिने वर्तुळाच्या जाळीवर ट्रेसिंग पेपर ठेवला आणि कॅमेरा वरून लावला. परीक्षक आकडे सांगत गेले, ती प्रत्येक थराचा एक कंस काढत गेली. दोन कंस जिथे छेदतात तिथे आस. पहिली जोडी कागदाच्या खालच्या उजव्या भागात छेदली. दुसरी तिच्याच शेजारी. तिसरी जरा लांब. चौथी पुन्हा तिथेच. मी दगड टेबलावर टेकवला होता तरी माझे हात दुखत होते. शेवटी परीक्षकांनी रेषांचा रकाना उघडायला सांगितला आणि तिने रेषांचे ठिपके त्याच कागदावर मांडले. ठिपके छेदांच्या अंगावर जाऊन पडले.

"सर," परीक्षक तिच्या सरांना म्हणाले, "हिला पुन्हा कशाला पाठवायचं?"

"नाही पाठवत," सर म्हणाले. मग म्हणाले, "फक्त नमुना का आणला नाही याचं कारण प्रबंधात लिही."

"राखणदार, असं लिहू?"

"स्थानिक कारणांमुळे, असं लिही."

लॅपटॉप मिटल्यावर ती खुर्चीत तशीच बसून राहिली. बायको आतून आली, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मला म्हणाली, "तुम्ही काय दगड धरून उभे आहात अजून? ठेवा तो." मग कडा पाहून, "शी! किती चिकट झालाय हा डिंक. खोबरेल लावून पुसून काढा. त्यावर कांदे ठेवते मी."

मी बाल्कनीत बसून पुसत होतो. खालचे सद्गृहस्थ झाडांना पाणी घालत होते. त्यांनी वर बघून विचारलं, "मुलीचं काय झालं?"

"पास."

"म्हटलं नव्हतं? स्कोप आहे."

डिंक निघाल्यावर रेघा स्वच्छ दिसायला लागल्या. कंपासपेटी टेबलावरच होती. मी कोनमापक आणला आणि एकेका रेघेला लावून बघितला, परीक्षकांनी निवडल्या नव्हत्या त्याही. सगळ्या जुळत होत्या. टोकाची एक पंचाहत्तर निघाली.

"एक जुळत नाही!" मी आत ओरडलो.

"कोनमापक नीट धरा, बाबा," ती आतून म्हणाली. तिच्या तोंडात काहीतरी खाऊ होता.

मी नीट धरला. एकोणसत्तर.